ओडाबाई जेवायच्या

ओडाबाई जेवायच्या. दिवसातून दोनदा, आणि सणावाराला तिसऱ्यांदाही काहीतरी कुरतडायला मागायच्या. आज हे मी भर बाजारात ओरडून सांगू शकते, कुणी माझं तोंड धरत नाही. पण मध्यंतरी एक काळ असा गेला की हे एवढंसं वाक्य माझ्या घशात काट्यासारखं अडकलं होतं. मला वाटायचं, हे तोंडातून बाहेर पडलं की बाईंची हाडं थडग्यातून बाहेर पडली म्हणून समजा.

मी बेले. अठरा वर्षं ओडाबाईंची मोलकरीण होते. आमच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला एक दगडी कोठडी चिकटलेली आहे, तिच्यात बाई राहायच्या. अठ्ठाविसाव्या वर्षी, उरलेला जन्म देवाच्या प्रार्थनेत घालवायला, स्वतःच्या पायांनी आत गेल्या. फादर गॉसविननी त्यांच्यावर मयताच्या प्रार्थना म्हटल्या, गवंड्यानं दार चिणलं, आणि झालं. जगाला बाई मेल्या, देवाला जिवंत राहिल्या. आणि मला? मला पोटापाण्याचं काम मिळालं. त्यांच्या कोठडीला लागूनच माझी खोली, खोली म्हणजे एक चूल, एक बाकडं आणि गळकं छप्पर.

कोठडीला खिडक्या तीन. एक चर्चमध्ये उघडायची. तिच्यातून वेदी दिसायची आणि दर शुक्रवारी फादर पवित्र भाकर द्यायचे. दुसरी रस्त्यावर, काळ्या पडद्याची. तिथं लोक आपापली रडगाणी घेऊन यायचे. तिसरी माझ्या खोलीत. ती खिडकी कसली, भोकच ते. इकडून पेजेचा वाडगा आत जाईल आणि तिकडून घाणीची बादली बाहेर येईल, एवढंच.

सगळा घोटाळा झाला तो रस्त्याच्या खिडकीमुळे. आमच्या गावच्या बायका भाविक. आणि भाविक बाई रिकाम्या हातानं येत नाही. कुणी लोण्यात परतलेली ईल मासळी आणायची, कुणी गव्हाचा पांढरा पाव, कुणी कोंबडीचं तंगडं. बाई पडद्याआडून हात काढून ताट घ्यायच्या, आशीर्वाद द्यायच्या, आणि तेच ताट तस्सं खाली सरकवायच्या. खाली भिंतीला टेकून भिकारी बसलेले असायचे, त्यांची चंगळ. बायका हे बघायच्या आणि घरी जाऊन सांगायच्या, "शिवल्यासुद्धा नाहीत गं!" मग एका वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासात कुणीतरी चाळीसच्या चाळीस दिवस समोरच्या ओट्यावर बसून राहिलं. एकूण एक ताट आलं तसं बाहेर गेलं. झालं! ओडा जेवत नाही. ओडा फक्त शुक्रवारच्या पवित्र भाकरीवर जगते.

माझ्या चुलीवरून धूर निघतोय, मी दर आठवड्याला जवाचं पोतं ओढत आणतेय, हे कुणाच्या डोळ्यांना दिसलं नाही. मोलकरणीच्या स्वयंपाकघरात कोण डोकावतंय? त्यांना वाटायचं, बेलेच खात असेल. माझं अंग बघून तसं वाटणं साहजिकही होतं म्हणा.

बाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना उचकी लागली. "अगं, सांग ना त्यांना," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." तर खरंच, पुढच्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर, खिडकीसमोर गर्दी असताना बाईंनी पडद्याआडून मोठ्यानं सांगितलं, "बायांनो, मी जेवते हो! चांगली पोटभर जेवते!"

बेकरीवाली युट्टा गुडघ्यांवर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "ऐकलंत? देवाच्या शब्दावर पोट भरतंय तिचं. किती ती नम्रता!"

आता यापुढे कुणी काय बोलायचं? बाईंनी हात टेकले. मीही टेकले. आणि खोटं कशाला बोलू, मला ते बरंही वाटायला लागलं होतं. जी जेवत नाही तिची मोलकरीण म्हणून बाजारात मला वाट करून द्यायचे, कसाई हाडं जरा मांसाची द्यायचा. ती हाडं जायची कुठं? पेजेत. आणि पेज कुठं? ते सांगितलंच.

बाई गेल्या त्या फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणानंतर चौथ्या दिवशी. छातीत कफ साठला होता. भोकातून मी त्यांचा हात धरून बसले होते. हात गरम भट्टी. मला म्हणाल्या, "बेले, मला इथून हलवू देऊ नकोस. अठरा वर्षं कुठं गेले नाही, आता प्रवास जमायचा नाही मला." मी म्हटलं, "कोण हलवतंय तुम्हाला? मी आहे ना." असं आपण म्हणतो. समोरचं माणूस मरत असताना आपण काय वाटेल ते कबूल करतो.

दार फोडलं, त्यांना कोठडीतल्याच जमिनीत पुरलं, वर दगड बसवला. महिन्याभरात त्या दगडावर मेणबत्त्यांची रांग लागली. मेणाचे पाय, मेणाचे हात, मेणाचं एक आख्खं डुक्कर. युट्टाची धाकटी मुलगी जन्मापासून लंगडत होती, तिला युट्टानं त्या दगडावर तीन सकाळी झोपवलं, आणि चौथ्या दिवशी पोरगी नदीपर्यंत पळत गेली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते पुढच्याबद्दल. युट्टाच्या डोक्यात आलं की ओडाबाईंचा रीतसर दिवस पाळला जावा. घंटा वाजाव्यात, मिरवणूक निघावी, संतांच्या यादीत नाव वाचलं जावं. त्याला बिशपांची परवानगी लागते. तिनं फादर गॉसविनना बसवून पत्र लिहवलं. फादर मऊ माणूस, युट्टापुढे कोण उभं राहणार? पत्रात लंगड्या मुलीचं आलं, मेणाच्या डुकराचं आलं, आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, आलं: अठरा वर्षं अन्नाचा कण घेतला नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. बिशप आपला माणूस पाठवतायत. मास्टर लॅम्बर्ट नावाचे मोठे कायदेपंडित. साक्षी होणार, गॉस्पेलच्या पवित्र पुस्तकावर हात ठेवून.

फादरनी मला बोलावून नीट समजावलं. "बेले, दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर बिशप दिवस पाळायला परवानगी देतील. नाही तर थडगं उकरून हाडं गावाबाहेर नेऊन पुरतील आणि कोठडी पाडतील. पत्र गेलं नसतं तर कुणी विचारलंही नसतं. आता मधलं काही उरलं नाही."

"मग पत्र लिहिलंत कशाला?" मी म्हटलं.

फादरनी खाली बघितलं. "युट्टाला ओळखतेस ना तू?"

शपथ घेऊन खोटं बोलले तर मी नरकात. खरं बोलले तर बाई गावाबाहेर. जेवणाऱ्या बाईला कोण संत म्हणणार? जेवतात तर सगळेच. मीही जेवते, बिशपही जेवतात.

लॅम्बर्ट यायच्या आदल्या दिवशी युट्टानं सगळ्या साक्षीदारांना बेकरीत जमवलं. भट्टीशेजारी आम्हाला रांगेनं बसवलं आणि एकेकीची तालीम घेतली. रंगाऱ्याची बायको, सुईण, मी.

"बेले, तुला विचारलं की ती काय खायची, तर तू काय म्हणशील?"

"बघू."

"बघू काय बघू? अगं, 'काही नाही' म्हणायचं! दोन शब्द आहेत, तोंड दुखेल का तुझं?"

"युट्टा, गॉस्पेलवर हात असणार आहे माझा."

"मग? खोटं कुठं आहे ते? आम्ही सगळ्यांनी ताटं बाहेर येताना बघितलीत!"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण युट्टाच्या मांडीवर तिची ती मुलगी बसली होती, पाय हलवत, दोन्ही पाय सारखेच हलवत. माझ्याच्यानं बोलवेना. मी म्हटलं, "पाव जळतायत तुझे," आणि उठून बाहेर पडले. पाव खरंच जळत होते, देवाची कृपा.

सकाळी मास्टर लॅम्बर्ट आले. बारीक, उंच, नाक गोठलेलं, पाय चिखलानं भरलेले. खेचरावरून उतरले. बरोबर एक लेखनिक. त्यांनी पूजेचे कपडे ठेवायच्या खोलीत टेबल लावून घेतलं आणि साक्षी सुरू केल्या. मी बाहेर बाकावर शेवटची. दार अर्धं उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

सुईण म्हणाली, काही खाल्लं नाही. रंगाऱ्याची बायको म्हणाली, काही खाल्लं नाही, पाणीसुद्धा नाही. पाण्याचं तर कुणी शिकवलंही नव्हतं, तिनं आपल्या मनानं घातलं. युट्टा म्हणाली, काही खाल्लं नाही, आणि वर चाळीस दिवसांचा हिशोब दिला. लॅम्बर्टांचा आवाज प्रत्येक साक्षीगणिक कोरडा होत गेला. "खात्री आहे?" विचारायचे. "शपथेवर सांगतेस?" मला वाटलं, कंटाळलेत. युट्टा बाहेर आली ती गाल लाल करून, जिंकल्यासारखी, आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "झालंच आहे. आता तू फक्त शिक्का मार."

मी आत गेले. पुस्तकावर हात ठेवला.

"तू अठरा वर्षं तिच्या सेवेत होतीस."

"होय, महाराज."

"ती काय खायची?"

मी घोकून ठेवलं होतं. रात्रभर घोकलं होतं. म्हटलं, "रस्त्याच्या खिडकीतून आलेलं त्यांनी कधी काही खाल्लं नाही, महाराज."

लॅम्बर्टांनी मान वर केली. "मी ते विचारलं नाही."

"चर्चच्या खिडकीतून फक्त पवित्र भाकर घ्यायच्या."

"तेही विचारलं नाही." त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं. "हे बघ बाई, मी चार दिवस चिखलातून आलोय, माझी पाठ मोडलीय. गावातल्या तीन शहाण्या बाया मला सांगून गेल्या की एक बाई अठरा वर्षं हवेवर जगली. तू चौथी. तूही म्हण, ती हवेवरच जगली, मी लिहितो आणि निघतो."

का कोण जाणे, पण ते 'हवेवर' म्हणताना त्यांनी जे तोंड केलं ना, ते माझ्या डोक्यातच गेलं. अठरा वर्षं! जव निवडायचा, दळायचा, कांद्याची पात चिरायची, दुधाला उतू जाऊ द्यायचं नाही, आणि हा माणूस म्हणतो हवा!

"हवेवर कशाला जगतील?" मी ओरडले. "पेजेवर जगल्या! जवाच्या पेजेवर! सकाळी दुधाची, संध्याकाळी हाडांच्या पाण्याची, वर कांद्याची पात. सलगम आवडायचा नाही त्यांना, घातला की बाजूला काढून वाडग्याच्या कडेला चिकटवून ठेवायच्या, लहान पोरासारख्या! दाढा पडल्या तेव्हापासून पाव बिअरमध्ये भिजवून लागायचा. रविवारी अंडं. आजारी असल्या की खारवलेल्या हेरिंग मासळीचा हट्ट, आणि खाल्लं की रात्रभर तहान तहान! कोण म्हणतं पाणी प्यायच्या नाहीत? विहिरीवरून मी आणायचे पाणी! आणि बादली? अठरा वर्षं मी त्यांची बादली नदीवर नेऊन ओतलीय, महाराज. जी खात नाही तिची बादली भरते होय?"

लेखनिकाची लेखणी थांबली. आपण काय केलं ते मला तेव्हा कळलं. मी पुस्तकावरचा हात काढला आणि म्हटलं, "त्यांना नका हलवू. लबाड नव्हत्या त्या. त्यांनी सांगितलं होतं लोकांना, मी जेवते म्हणून, मोठ्यानं सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. हवं तर मला शिक्षा करा, मी गप्प बसले. त्यांना तेवढं राहू द्या."

लॅम्बर्टांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं, खांदे हलायला लागले. मला वाटलं, रागानं. हात काढले तर हसत होते! डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"सलगम," ते लेखनिकाला म्हणाले, "सलगम लिही. कडेला चिकटवायची, ते लिही. बादली पण."

मग एका कागदाची गुंडाळी उचलून त्यांनी माझ्यापुढे नाचवली. "वाचता येतं?"

"नाही, महाराज."

"बरंय. हा हुकूम आहे, तयार, शिक्क्यासकट. गेल्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाला अशीच एक उपाशी बाई निघाली. गावोगावचे लोक लोटले, बिशप स्वतः जाऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. पुढं तिच्या पलंगाखाली काय सापडलं माहितीय? चार हात लांब सॉसेज. बिशपांचं हसं झालं. तेव्हापासून त्यांचा नियम आहे: कुठली बाई खात नाही म्हटलं की ती लबाड किंवा सैतानाची. जिवंत असेल तर गावाबाहेर, मेलेली असेल तर हाडं बाहेर. ओडाचं पत्र आलं, अठरा वर्षांचं, आणि त्यांनी तिथल्या तिथं हुकूम लिहवला. मी फक्त साक्षी घेऊन तो पुरा करायला आलो होतो. तीन बायांनी शपथेवर सांगितलं, खात नव्हती. म्हणजे हुकूम पुराच झाला होता."

मी बाकड्यावर बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं. "म्हणजे मी जर 'काही नाही' म्हटलं असतं..."

"तर उद्या सकाळी फावडी लागली असती."

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मी एप्रन तोंडावर घेतला आणि हुंदके द्यायला लागले, आणि ते हुंदके होते की हसू होतं ते माझं मलाच कळेना. इतके दिवस मी ज्या गोष्टीला घाबरत होते, तीच बाईंना वाचवून गेली. पेज! जवाची पेज!

"पण मग त्या तिघी?" मला एकदम आठवलं. "खोटी शपथ..."

"त्यांनी जे बघितलं ते सांगितलं. ताटं भरलेली बाहेर आली, हे खरंच आहे." लॅम्बर्टांनी हुकूम दुमडून बाजूला ठेवला. "पाण्याचं मात्र त्या बाईनं पाद्रीबाबांकडे कबूल करावं. आता मला हे सांग, ईल सोडून ती पेज का खायची? ईल चांगली असते."

"ते भिकारी खाली बसायचे ना, महाराज. भिंतीला. त्यांना भूक लागलेली असायची."

"एवढंच?"

"एवढंच. त्यात काय मोठं?"

त्यांनी ते स्वतःच लिहिलं, लेखनिकाला सांगितलं नाही. मग पुढचं पान घेतलं. आता त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. घरी शेकोटीशी बसून गप्पा माराव्यात तसा. "म्हणजे उपास असा तिनं कधी केलाच नाही. वाडगा नेहमी चाटूनपुसून बाहेर यायचा?"

"नेहमी. म्हणजे," मी नाक पुसलं, "तो एक हिवाळा सोडून."

"कुठला?"

"तो वाईट हिवाळा. उन्हाळाभर पाऊस थांबला नव्हता आणि रायचं पीक शेतातच कुजलं होतं. गावात लोक झाडांच्या साली शिजवत होते. फादरांच्या कोठारातून बाईंना रोज मूठभर जव मिळायचा, एकीपुरता. तेव्हा काय व्हायचं, बाईंचं पोट बिघडलं होतं. अर्धा वाडगा खायच्या आणि अर्धा परत सरकवायच्या. 'बेले, आज पोट भरलं गं, फेकू नकोस.' रोजचंच झालं होतं ते. डिसेंबरपासून ईस्टरपर्यंत."

"आणि तू ते काय करायचीस?"

"खायची. टाकून कोण देणार, महाराज, त्या दिवसांत?"

लॅम्बर्टांनी लेखणी खाली ठेवली. "बेले, त्या हिवाळ्यात तुझ्या वाटचा जव कुठून यायचा?"

मी मनाशी महिने मोजायला लागले.

कुठून यायचा? कुठूनच नाही. मोलकरणीच्या वाटचा जव फादरांनी नोव्हेंबरातच बंद केला होता. द्यायला नव्हताच. मी काय खात होते मग त्या हिवाळ्यात? त्या हिवाळ्यात माझ्या शेजारच्या चार घरांत सहा माणसं मेली. मी मेले नाही. मी तर ईस्टरला बादली घेऊन नदीवर गेले होते, स्वतःच्या पायांनी, आणि येताना हेसुद्धा मनात आलं होतं की बाईंची बादली हल्ली किती हलकी असते. पोट बिघडलंय म्हणून, असंच वाटलं मला. मी त्यांना कितीदा म्हटलं होतं, बाई, जेवणावर मन नाही तुमचं, चोचले झालेत तुम्हाला. चोचले! मी असं म्हणाले होते. आणि बाई भोकापलीकडे हसल्या होत्या.

"महाराज," मी म्हटलं. "महाराज."

"हो," लॅम्बर्ट म्हणाले. त्यांनी लेखनिकाला खूण केली. तोही खाली मान घालून बसला होता. "लिही. डिसेंबर ते ईस्टर. अर्धा वाडगा. साक्षीदार जिवंत आहे."

मी बाहेर आले तेव्हा ऊन पडलं होतं. चर्चच्या पायरीवर युट्टा उभी होती, बाकीच्या दोघी तिच्यामागे, आणि त्यांच्यामागे निम्मं गाव. माझा चेहरा बघून युट्टाचा रंग उडाला.

"काय सांगितलंस? बेले, काय सांगितलंस तू?"

"जेवायच्या म्हणून सांगितलं."

"मेले! बुडवलंस! अठरा वर्षांचं..."

"राहतायत त्या इथंच," मी म्हणाले. "दिवसही पाळावा, असं त्यांनी बिशपांसाठी लिहून घेतलंय. न जेवणाऱ्यांना काढून टाकायचा हुकूम होता, युट्टा. तुम्ही तिघींनी त्यांना जवळजवळ उकरूनच काढलं होतं."

युट्टाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती तिथल्या तिथं पायरीवर बसली, धप्पकन, पिठाच्या पोत्यासारखी. मुलीला जवळ ओढलं. "मेरीमाते," म्हणाली, "मेरीमाते, मेरीमाते." मग डोळे पुसून तिनं वर बघितलं. काहीही झालं तरी तिच्या मनात तेच होतं. "म्हणजे उपास... एकही नाही? खरंच एकही नाही केला?"

मी तिच्या शेजारी बसले. इतकं हलकं वाटत होतं की कुणी धरलं नसतं तर उडून गेले असते.

"एक केला," मी म्हणाले. "चार महिन्यांचा. माझ्यासाठी. आणि मला आज कळलं, युट्टा. आत्ता. तिथं आत."

युट्टानं माझा हात तिच्या पिठाळलेल्या हातात घेतला आणि आम्ही दोघी निम्म्या गावासमोर, लाज सोडून, मोठमोठ्यानं रडलो.